साक्षीची बरणी

झाकणाचा मधला भाग वर आला होता. फार नाही, नखाच्या जाडीपेक्षा कमीच. खिडकीतून येणारा उजेड पत्र्यावर पडला तेव्हा एरवी खोलगट भागात साचून राहणारी सावली तिथे नव्हती, उलट मध्यभागी एक बारीक चकाकणारा ठिपका होता, आणि डोकं हलवलं की तोही हलत होता. तिने बोटाने दाबून पाहिलं. टक् करून झाकण खाली गेलं आणि बोट उचलल्यावर, तितक्याच सहज, टक् करून परत वर आलं. तिने पुन्हा दाबलं नाही. एकदा दाबून जे कळतं ते दहादा दाबून बदलत नाही, हे ती प्रयोगशाळेत नव्याने लागलेल्या मुलींना नेहमी सांगायची.

बरणी वाटाण्यांची होती. बाथरूमबाहेर, पाणी तापवायच्या टाकीच्या वरच्या फळीवर ती एकटीच उभी होती, कारण तिथे दिवसभर ऊब असते. वाटाणे, शेंगा, गाजरं, जे काही ती उकळून बरण्यांत भरायची त्याच्या प्रत्येक खेपेतली एक बरणी इथे यायची आणि बाकीच्या मागच्या खोलीत जायच्या. जंतू राहिले असतील तर उबेत भराभर वाढतात. थंड खोलीत जे दिसायला महिने जातील ते इथे काही आठवड्यांत दिसतं. ही बरणी खायची नसते, बघायची असते. घरात तिला साक्षीची बरणी म्हणत. हे नाव मुलीने लहानपणी ठेवलं होतं, आणि तिच्या या असल्याच बोलण्यामुळे तिचा बाप तिला वकीलसाहेब म्हणायचा. साक्षीदाराची मुदत संपेपर्यंत त्या खेपेतली एकही बरणी स्वयंपाकघरात यायची नाही, हा नियम होता. नियम तिच्या नोकरीतला. खाण्याचे डबे भरणाऱ्या एका कारखान्यात, डबा किती दिवस टिकेल ते ठरवणं हे तिचं काम. डब्याच्या बुडाशी जी तारीख छापलेली असते ती तिच्या टेबलावरून जायची, म्हणून कारखान्यात तिला पाठीमागे तारीखबाई म्हणत, आणि हल्ली तोंडावरही म्हणत. तारीख म्हणजे खरं तर अंदाज. अभ्यासाने केलेला, पुरेसा वाव ठेवलेला, पण अंदाजच. तो छापला की लोक त्याला वचन समजतात, आणि लोकांनी तसं समजावं यासाठीच आपल्याला पगार मिळतो, असं तिला अधूनमधून वाटायचं.

बरणी तशीच ठेवून ती मागच्या खोलीत गेली. त्या खेपेच्या बाकीच्या बरण्या फळीच्या अगदी डाव्या टोकाला होत्या, जिथे सगळ्यांत नवं ठेवतात. एकेका झाकणावरून तिने बोट फिरवलं. सगळी आत ओढलेली, घट्ट, निर्दोष. आणि याला काही अर्थ नव्हता, कारण त्या गारव्यात होत्या. सगळ्या टाकायच्या. ठीक आहे. कष्ट वाया गेले, पण म्हणूनच तर एक बरणी उबेत ठेवायची. पद्धत चालली, याचं तिला जवळजवळ समाधान वाटलं. आणि त्या समाधानाच्या मध्यावरच तिला आठवलं की या खेपेतल्या दोन बरण्या या फळीवर कधी आल्याच नव्हत्या. त्या अक्कांकडे गेल्या होत्या.

अक्का म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर, एकटीच राहणारी. यजमान गेल्यावरही त्यांनी घर सोडलं नव्हतं. गेल्या काही वर्षांत त्यांची नजर मध्यभागी विझत चालली होती. कडेकडेचं दिसायचं, समोर बघायला गेलं की तिथे धुरकट डाग. समोरच्या माणसाचे कान दिसतात पण नाक दिसत नाही, असं त्या हसून सांगायच्या. तिच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. त्याने बहिणीच्या काचा इतक्यांदा बदलल्या की शेवटी एकदा त्याने त्यांच्या नाकावरचा चष्मा नुसता काढला, रुमालाने पुसला आणि परत ठेवला. त्या संध्याकाळी घरी आल्यावर बूट काढता काढता तो म्हणाला होता, "आता नंबरचा प्रश्न नाही राहिला. अक्कासाठी मागच्या खोलीचं बघशील का?" आणि ती म्हणाली होती, "बघू." नंतरही तो विचारत राहिला, कधी जेवताना, कधी रस्त्यात चालताना, कधी नुसतं "खोलीचं?" एवढंच; आणि ती प्रत्येक वेळी खरंच विचार करून, खरंच मनाशी मापं घेऊन, बघू म्हणाली. मग त्याने विचारणं सोडून दिलं. आधी तिला सुटल्यासारखं वाटलं. पुढे त्या न विचारण्याचा आवाज घरात ऐकू यायला लागला.

तिने फोन लावला. अक्कांचा फोन वाजत राहिला. त्या फोन स्वयंपाकघरात ठेवतात आणि बाहेर झुलत्या खुर्चीत बसतात, त्यांना पोचायला वेळ लागतो, हे तिला माहीत होतं. ती खोलीच्या मधल्या अरुंद वाटेत उभी राहून ऐकत राहिली. दोन्ही बाजूंना छतापर्यंत फळ्या. तांदूळ, पीठ, साखर, मीठ, घट्ट झाकणांच्या डब्यांत. साबण, मेणबत्त्या, काडेपेट्या, मेणकापडात गुंडाळलेल्या. जखमेचं औषध, तापाचं औषध, पट्ट्या. हाताने फिरवायचा दिवा. पिण्याच्या पाण्याची निळी पिंपं, ज्यांतलं पाणी ती ठरावीक दिवसांनी बदलायची आणि जुन्या पाण्याने फरशी पुसायची. यातलं काहीही मूर्खपणाचं नव्हतं. वीज जाते, पाणी बंद होतं, रस्ते बंद होतात, माणसं घरात अडकतात. ज्यांच्याकडे काही नसतं ते रांगेत उभे राहतात. आणि साठवलेलं पडून सडू नये म्हणून जुनं आधी वापरायचं, नवं मागे लावायचं. त्यामुळे त्यांच्या घरात ताजं म्हणून काही ताटात येतच नसे. बाजारातून आलेलं सरळ मागच्या खोलीत जायचं आणि तिथून मुदत संपत आलेलं बाहेर यायचं. "आमच्याकडे भातसुद्धा सीनिऑरिटीने शिजतो," असं मुलगी मैत्रिणींना सांगायची. नवऱ्याची थट्टा जास्त सौम्य होती आणि म्हणून जास्त लागायची. तो म्हणायचा, "ही खोली नाही, हे भविष्य आहे. आपण बाहेरच्या दोन खोल्यांत त्याचे भाडेकरू."

फोन वाजून वाजून बंद झाला. तिने पुन्हा लावला.

"कोणाला करतेस एवढा?" मुलगी दारात उभी होती, डोक्याला टॉवेल.

"आत्याला."

"आज कसा काय? आत्याला फोन बाबाच करतात ना?"

"तुझं तू आवर."

"आवरतेच आहे. तू पांढरी का पडलीस?"

"उजेड तसा आहे," ती म्हणाली, आणि पायात चपला घातल्या. मग परत आत आली. टाकीवरची बरणी प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधली, हात साबणाने कोपरापर्यंत धुतले, बरणी खांद्याच्या पिशवीत उभी ठेवली. हे सगळं तिने सावकाश केलं. मुलगी बघत होती. "मी बाबांना सांगू का?" तिने विचारलं. "काय सांगशील?" ती म्हणाली. "तेच की, आई आत्याकडे गेली. आपणहून." त्या शेवटच्या शब्दाला टोक होतं. ती जिना उतरली.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. पिशवी तिने मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी, तान्हं मूल धरावं तशी, आणि ते लक्षात आल्यावर खाली पायांत ठेवली. तिला भीती होती त्या जंतूचं नाव ती घरात कधी घेत नसे. कारखान्यातही कोणी घेत नसे. नुसतं 'तो' म्हणत. तो मातीत असतो, सगळीकडे असतो, आणि बाहेरच्या हवेत कोणाचं काही बिघडवत नाही. त्याला हवा नसलेली जागा लागते, घट्ट बंद केलेली, कोणी उघडणार नाही अशी. तिथे तो स्वस्थपणे विष तयार करतो. त्याला वास असतोच असं नाही, चव असतेच असं नाही. झाकण फुगवणारे इतरही जंतू असतात, पुष्कळसे निरुपद्रवी, आणि हे त्यांतलेच असण्याचा संभव जास्त आहे, असं ती स्वतःला सांगत होती. पण किती जास्त, हे ती स्वतःला सांगू शकत नव्हती. आणि मग तिला आठवलं की लक्षणं डोळ्यांपासून सुरू होतात. पापण्या जड होतात, अंधुक दिसतं, एकाची दोन दिसतात. गेल्याच आठवड्यात नवऱ्याच्या फोनवर तिला ऐकू आलं होतं, अक्का सांगत होत्या, हल्ली जास्तच अंधारून येतं रे. आणि तिने भांडी पुसता पुसता मनात म्हटलं होतं, चालायचंच, वय झालं. ज्या बाईला मुळात दिसत नाही तिच्या डोळ्यांत विषाचं पहिलं लक्षण कोणाला कसं दिसणार?

बस सिग्नलला थांबली तेव्हा ती मनाने मागच्या एका रविवारात होती. त्या दिवशी वाटाणे भरलेल्या बरण्या मोठ्या कुकरात होत्या. पुरेसा दाब, पुरेसा वेळ, दोन्ही लागतं. नुसत्या उकळीने 'तो' मरत नाही. वेळ अर्ध्यावर आला असताना सिलिंडर संपला. ज्योत निळी झाली, बुटकी झाली, गेली. तिने नवा जोडला, तोपर्यंत कुकरचा दाब उतरला होता. अशा वेळी पुन्हा पहिल्यापासून वेळ मोजायचा असतो. कारखान्यात हे कोणी केलं नसतं तर तिने ती सगळी खेप थांबवली असती. घरी तिने जिथे वेळ थांबला होता तिथून पुढे मोजला. का? आपण साक्षीची बरणी ठेवतोच, काही असेल तर तीच सांगेल, असं म्हणाली असणार. आणि त्याच संध्याकाळी नवरा बहिणीकडे निघाला, दारात उभा राहून म्हणाला, "अक्काला काही द्यायचंय?" आणि तिने ओट्यावर थंड होत असलेल्या दोन बरण्या उचलून त्याच्या पिशवीत ठेवल्या.

कारखान्यात काही बिघडलं की कोणाचा दोष हे विचारत नाहीत, कुठल्या पायरीवर बिघडलं ते विचारतात. ती पद्धत तिला फार आवडायची. तिच्यात राग नसतो. आता बसमध्ये तिने तीच पायरी पुन्हा पुन्हा समोर धरली. ओट्यापासून मागची खोली किती लांब? हाकेच्या अंतरावर. तिथे तपासून झालेल्या, चांगल्या बरण्या रांगेने होत्या. हात तिकडे का गेला नाही? अक्कांना जुनं कशाला, ताजं द्यावं, असं मनात आलं होतं, हे तिला पक्कं आठवत होतं, आणि हे आठवणं तिला फार सोयीचं आहे हेही दिसत होतं. याआधी तिने खोलीतलंच दिलं होतं, पण दर वेळी जिवावर आलं होतं. खोलीतलं मोजलेलं असतं, आपलं असतं. ओट्यावरचं अजून आपलं झालेलं नव्हतं, म्हणून ते सहज देता आलं. इतकंच असेल. की त्याच्याही खाली काही होतं? एक बाई नसती तर एक प्रश्न नसता, असं काही. असं कधी शब्दांत मनात आलं नव्हतं. पण जे शब्दांत येत नाही ते नसतं असं म्हणायला ती काही शाळेतली मुलगी नव्हती. दिसत नाही ते असतं, हेच तर तिने आयुष्यभर भिंगाखाली पाहिलं.

खिडकीबाहेर दुकानांची शटरं वर जात होती. कसल्या तरी दुकानाबाहेर पिठाची पोती उतरत होती आणि रस्त्यावर पांढरं सांडलं होतं. ती लहान असताना एका हिवाळ्यात त्यांच्या वस्तीचे रस्ते बंद झाले होते. कशामुळे, ते तिला तेव्हा कळलं नव्हतं आणि मोठेपणी मुद्दाम कळून घ्यावंसं वाटलं नाही. घरातलं संपत आल्यावर आईने तिच्या हातात वाडगा देऊन शेजारी पाठवलं. शेजारीण चांगली होती. नाही म्हणाली नाही. पण दाराची साखळी तिने काढली नाही. फटीतून रिकामा वाडगा आत घेतला, आणि भरून परत देताना तो आडवा, तिरका करून द्यावा लागला, कारण फट वाडग्याहून अरुंद होती. पीठ तिच्या स्वेटरवर सांडलं, बाहीत गेलं, उंबऱ्यावर पडलं. "जपून ने हं, बाळ," शेजारीण फटीतून म्हणाली होती, अगदी मायेने. घरी आल्यावर आईने तिचा स्वेटर परातीत झटकला. आपण पुन्हा कधी दाराच्या त्या बाजूला उभं राहायचं नाही, असं तिने तेव्हाच ठरवलं असेल, किंवा पुढे कधीतरी, मागची खोली भरताना, तेव्हा ठरवलं होतं असं तिला वाटायला लागलं असेल. पण दाराला दोनच बाजू असतात, हे तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

तिसरा मजला चढेपर्यंत तिचा श्वास वर आला. दार लोटलेलंच होतं.

"कोण?" आतून आवाज आला. ठणठणीत आवाज. तिला तिथेच, चपलांच्या शेजारी, बसावंसं वाटलं.

"मी, अक्का."

"तू? एकटी? काय झालं गं, कोणी गेलं का?"

"कोणी नाही गेलं. तुम्ही फोन का उचलत नाही?"

"फोन कुठेतरी बसलाय. सकाळपासून ओरडतोय, पण कुठून ते कळत नाही. ये, बस. नाही, तिथे नको, तिथे मी सुया टोचून ठेवल्यात."

अक्का स्वयंपाकघरात ओट्याला पोट टेकवून उभ्या होत्या. बाहीचं एक टोक जळून काळं झालेलं. त्या नजर थोडी बाजूला करून बघतात, तशी त्यांनी केली आणि तिच्या कानाशी बोलल्यासारखं बोलायला लागल्या. गॅसवर एक लहान पातेलं होतं, गॅस बंद होता. पातेल्यात वाटाणे. शेजारी रिकामी बरणी, आणि झाकण उलटं पडलेलं.

"खाल्लेत?" तिने विचारलं. तिचा आवाज तिला लांबून आला.

"अजून कुठे. परत पेटवायचाय. मघाशी पेटवताना बाही जळली ना, म्हणून जरा दम खात होते."

"चव बघितली?"

"बोटभर. का? बघितली म्हणून काय झालं? झाकण उघडताना फस्स झालं, आणि वासही मला तितका बरा नाही वाटला. पण म्हटलं, तू पाठवलेलं. तू काय चुकणार आहेस. माझंच नाक गेलं असेल डोळ्यांच्या मागोमाग."

तिने नीट, एकेक शब्द वेगळा ठेवत विचारलं, "कधी? चव कधी बघितली?"

"आत्ताच की. तू यायच्या जरा आधी. अगं, एवढं काय?"

"दोन दोन दिसतंय का काही? एका वस्तूच्या दोन?"

अक्का हसल्या. "मला एक धड दिसत नाही, बाई. दोन कुठून आणू?"

तिने त्यांची हनुवटी हातात धरून चेहरा उजेडाकडे वळवला. पापण्या दोन्ही सारख्या. बाहुल्या उजेडाने लहान झाल्या. गिळायला सांगितलं, त्यांनी गिळलं. इतक्या लवकर काही दिसणारच नाही, हे तिला माहीत होतं. तरी ती बघत राहिली. इतक्या जवळून अक्कांचा चेहरा तिने लग्नानंतर कधी पाहिला नव्हता. गाल आत गेले होते. कातडी कोरडी. पाण्याशिवाय ठेवलेल्या माणसाची असते तशी.

"दुसरी बरणी कुठे आहे?"

"कपाटात. सगळ्या तिथेच आहेत."

तिने कपाट उघडलं. आणि तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, कारण तिला तिची स्वतःची खोली दिसत होती. तिने पाठवलेल्या बरण्या, गेल्या कित्येक साध्या, बिनसणाच्या रविवारांच्या, कडेला कडा लावून उभ्या होत्या. शेंगा, गाजरं, वाटाणे. मेणबत्त्यांची पुडकी. मागे कधीतरी पाठवलेला तांदळाचा सीलबंद डबा, सील न फोडलेला. एकाही वस्तूला हात लागलेला नव्हता. खालच्या कप्प्यात, रोजच्या वापरात असल्यासारखा, बिस्किटांचा एक पुडा होता, तळाशी चुरा उरलेला. दुसरं काही नव्हतं.

"हे तुम्ही खाल्लं का नाही?"

"खायचं होतं का ते?" अक्का खरंच गोंधळल्या. "तू नाही का सांगायचीस, कठीण दिवस आले तर घरात असावं? म्हणून ठेवत गेले. मोडलं तर तू म्हणशील, दम धरवत नाही बाईला."

"मग तुम्ही खाता काय?"

"चहाबिस्किट. खालून पाव येतो कधी. हल्ली जिना नको वाटतो, आणि गॅस पेटवायचा म्हणजे एक परीक्षाच. दोनदा पेटवत नाही दिवसातून. पाववाला चार-सहा दिवस आलाच नाही बघ. आज सकाळी पुड्यात हात घातला तर नुसता चुरा. मग बसल्या बसल्या म्हटलं, चला, आजपासून कठीण दिवस आले असं समजू या. आणि हाताला आली ती बरणी काढली."

त्या हे विनोदाने म्हणाल्या. त्या घरातल्या सगळ्यांचीच ती तऱ्हा, भावाचीही. तिला हसता आलं नाही. ती पातेल्यावर झाकण ठेवत होती, रिकामी बरणी आणि कपाटातली त्याच खेपेची दुसरी पिशवीत बांधत होती, ओटा पुसत होती, पुसलेलं फडकं पिशवीत टाकत होती. हात बरोबर क्रमाने चालले होते. "अक्का, साडीवर शाल घ्या. आपल्याला दवाखान्यात जायचंय," ती म्हणाली. "माझ्याकडून चूक झाली आहे. वाटाणे खराब आहेत. कदाचित काही होणार नाही. पण इथे बसून वाट बघायची नाही." अक्कांनी खुंटीवरची शाल चाचपून काढली. मग म्हणाल्या, "तुझ्याकडून?" त्यांच्या आवाजात भीती नव्हती, ऐकलेलं पुन्हा तपासून घ्यावं तसं काहीतरी होतं. जिना उतरताना त्यांनी तिचा दंड धरला. हाताला वजनच नव्हतं. प्रत्येक पायरीवर आधी पाय चाचपून मग टेकवायच्या, आणि ती त्यांच्या एक पायरी खाली, तोंड त्यांच्याकडे करून, मागे मागे उतरत होती.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. तिने जे सांगितलं ते इतकं व्यवस्थित होतं, कुकर, दाब, वेळ, उबेतली बरणी, की त्यांनी एकदा मान वर करून विचारलं, "तुम्ही याच क्षेत्रातल्या आहात का?" ती हो म्हणाली. त्या 'हो'इतकी लाज तिला दुसऱ्या कुठल्याच शब्दाची वाटली नव्हती. तिन्ही बरण्या तपासणीला गेल्या. अक्कांना कोपऱ्यातल्या खाटेवर निजवलं, हाताला सलाईन लावलं. "विष असेल-नसेल, त्याआधी यांच्या अंगात काहीच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "किती दिवस पोटभर जेवल्या नाहीत या?"

नवरा दुकान बंद करून आला. फोनवर तिने त्याला एवढंच सांगितलं होतं की वाटाण्यांत दोष निघालाय आणि अक्का ठीक आहेत. तो आधी बहिणीकडे गेला, तिच्या पायांवरची चादर सारखी केली, मग बाहेरच्या बाकावर तिच्याशेजारी येऊन बसला. गळ्यातली फीत, जिने तो गिऱ्हाइकांच्या दोन डोळ्यांमधलं अंतर मोजतो, काढायची राहून गेली होती.

"तू तपासल्याशिवाय देत नाहीस ना काही?" तो म्हणाला. प्रश्नच होता, आरोप नव्हता.

"नाही देत. या दिल्या."

"घाईत?"

तिला हो म्हणता आलं असतं. तो ते लगेच घेणार होता. त्याने ते तिच्यासाठीच पुढे केलं होतं. "घाई तुला होती," ती म्हणाली. "मला नव्हती. त्या दिवशी खोलीतल्या द्यायला माझा हात गेला नाही."

तो बराच वेळ फीत बोटाभोवती गुंडाळत राहिला. "दर रविवारी जायचो मी तिच्याकडे," शेवटी म्हणाला, "आणि ती म्हणायची, तू यायच्या आधीच जेवले. मी विश्वास ठेवायचो. बरं वाटायचं ठेवायला." मग तो उठून पाणी आणायला गेला. तिला वाटलं होतं की तो रागावेल आणि मग काहीतरी पुरं होईल. तो रागावला नाही, आणि बाकावर त्याची जागा गरम राहिली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. खाटेभोवती तिघं होती. मुलगीही येऊन आत्याच्या पायाशी टेकली होती, आणि आज तिच्याकडे एकही टोमणा नव्हता. डॉक्टरीणबाईंनी अक्कांच्या पापण्या पाहिल्या, बोलायला लावलं, पाणी गिळायला लावलं. "आत्तापर्यंत ठीक आहे. तपासणीचं कळेपर्यंत इथेच ठेवू, रात्री नर्स लक्ष ठेवतील. समजा, सगळं निर्धोक निघालं, तर पुढे कुठे जाणार या? कारण परत एकट्या राहणार असतील तर मला यांना सोडता येणार नाही."

"माझ्या घरी," अक्का उशीवरून म्हणाल्या. "तसं मला सगळं येतं. जिना तेवढा जरा उंच आहे."

नवरा तिच्याकडे बघत नव्हता. खाटेच्या लोखंडी नळीवरचा उडालेला रंग नखाने खरवडत होता. मुलीने मात्र मान वळवली. त्या नजरेत अपेक्षा नव्हती, नुसती पाहणी होती, आईकडूनच शिकलेली. तिच्या डोळ्यांपुढे मागची खोली आली, फळ्या, पिंपं, त्यांच्यामधली अरुंद वाट, आणि तिथे खाट कशी बसेल याचं माप मनात आपोआप सुरू झालं, आणि ते कुठेच जुळेना. सगळं बाहेर काढावं लागेल. कुठे ठेवायचं? समजा, उद्याच रस्ते बंद झाले तर? तो जुना प्रश्न गेला नव्हता, जाणारही नव्हता. सवयीने जिभेवर 'बघू' हा शब्द आला. तिने तो येऊ दिला, आणि परत जाऊ दिला.

"आमच्याकडे," ती म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला की पलीकडच्या खाटेवरच्या बाईनेही पाहिलं.

"बरं. किती दिवस?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कायमच्या," ती म्हणाली.